तानूबाईचे हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज का सांगतेय — ठाऊक नाही. एका जागी बसवत नाही, एवढं खरं.

लढाईच्या दिवसांत मी सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. तिथं एक्स-रेचं यंत्र आलं होतं. सांगितलं की मोठी माणसं श्वास धरून निपचित पडत. पण लहान मुलं? त्या अंधाऱ्या खोलीत ती भेदरायची, हातपाय झाडायची. कुणाला तरी त्यांना घट्ट धरावं लागे. ते काम माझं होतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं — हे किरण दिसत नाहीत, लागलेलेही कळत नाहीत, पण माणसाला आतून जाळतात. शिशाचे हातमोजे घातल्याशिवाय धरायचं नाही. आणि रोज एकीनंच तर नाहीच. मोज्यांचा जोड एकच, तोही तडकलेला. माझं नुकतंच लग्न ठरलं होतं. मला — हो, मला माझ्या हातांची भीती वाटली.

म्हणून मी तानूबाईला पुढं केलं. तानूबाई आमची आया, आटपाडीकडची. तिच्या कुशीत कुठलंही मूल शांत व्हायचं. मोज्यांना पोरं भितात म्हणून ती ते काढून ठेवायची. मी अडवलं का? नाही. मी भिंतीपलीकडं उभी राहायचे. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, ‘आम्ही आळीपाळीनं धरतो.’

पुढं तिची नखं काळी पडली. बोटं भेगाळली, जखमा भरेनात. एका दुपारी तिनं हात माझ्यापुढं धरले.

‘आवं बाई, ह्ये त्या मशिनीनं तर न्हाई ना झालं?’

‘छे! धुण्याच्या सोड्यानं होतं असं.’

‘मंग बरं,’ ती हसली. ‘मला वाटलं, पोरं धरायचं काम जातंय का काय.’

तेव्हा तरी बोलायचं ना? दुसऱ्या दिवशीही मूल तिनंच धरलं. त्यानंतरही, कितीतरी दिवस.

शेवटी उजव्या हाताची बोटं कापावी लागली. मग काखेत गाठ आली, आणि ती गावी गेली. मी भेटायला गेले, तेव्हा ती अंथरुणावर उठून बसली. सुनेला म्हणाली, ‘ह्याच त्या बाई. लय जीव लावला बग मला. जेवल्याबिगर जाऊ दिऊ नगंस.’

सून पाणी आणायला आत गेली. आम्ही दोघीच होतो. ती माझ्याकडं बघत होती — आणि खरं सांगायला मला कोण अडवणार होतं? ताट आलं. मी जेवले.

थोड्याच दिवसांत ती गेल्याचं कळलं. तिच्या घरी अजूनही माझं नाव चांगुलपणानं घेतात.