चिरा गाडीखाली जाणार नाही!

किनाऱ्यावरच्या लोखंडाला गंज धरतो, तसे माझ्या अंगणाला किस्से धरतात. खरवडून काढले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आलेलेच! त्यातून आमच्या मालवणाकडच्या वाडीत कुणी गाडीचं चाक काढून बसलं, की कामधंदा सोडून बघायला जमायचं, हा रिवाजच आहे. रोजचं रोज लिहून ठेवायची मला सवय, म्हणून सगळं साठलंय. आणि खरं सांगतो, वाचताना अजूनही डोकं तापतं.

प्रकरण तसं साधं. आमची जुनी हॅचबॅक. खाऱ्या हवेनं पुढच्या डाव्या चाकावरची स्प्रिंग खालच्या वेढ्यात तुटली, उजवी दबून बसली. खड्डा आला की 'धाड्!' इकडे आईच्या मणक्याला चीर गेलेली. डॉक्टर म्हणाले, "प्रवास करा, पण धक्का बसता कामा नये." आणि तिची थोरली बहीण, माझी मावशी, पिंगुळीला अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की आई दारात जाऊन रस्त्याकडे बघत बसायची. एकदा तिला घेऊन निघालो, तर वाटेवरच्या कट्टा गावाला पोचायच्या आधीच ती कळवळली. "झिला, गाडी फिरव. ताईक सांग, मी मेल्यार येतंय!"

स्प्रिंगा बदलायच्या, हे त्या दिवशी ठरलं.

*

आधी गाडी गॅरेजला नेली. गॅरेजवाला म्हणाला, "स्प्रिंग कशाला बदलताय? वेढ्यांत रबर बसवतो. सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल!"

बसवलं. घरी येताना पहिल्याच स्पीडब्रेकरवर माझी दाढ हलली! तसाच मागे फिरलो. म्हटलं, "सोफ्यावर बसल्यासारखं वाटेल म्हणाला होतात!"

तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडचा सोफा लाकडी आहे."

*

मग ठरवलं, आपणच करायचं. मी काही मेकॅनिक नाही. वाचून, व्हिडिओ बघून, बोटं चेमटून शिकलेला माणूस. पण स्प्रिंगा जोडीनं बदलतात आणि दोन्ही एकसारख्या लागतात, एवढं मला कळतं. दुकानदारानं दोन खोके दिले. मी तिथेच उघडून स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या, तर एक जाड आणि दुसरी बारीक!

"ही डिझेल मॉडेलची आहे," मी म्हटलं. "माझी गाडी पेट्रोल!"

दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग जाड ती ड्रायव्हरच्या बाजूला घाला ना! तुम्हांला तीच सूट होईल."

*

अखेर एकसारखी जोडी मिळाली आणि रविवारी सकाळी गाडी जॅकवर उचलली. इतक्यात शेजारचे दाजी आले. उभी हयात एष्टी चालवून रिटायर झालेला माणूस. येताना हातगाडीवर जांभ्याचा एक चिरा घेऊन आलेले!

"हो घाल गाडयेखाली. आमी अख्खी एष्टी चिऱ्यार ठेवताव."

आता जांभा भिंतीला उत्तम. पण गाडीच्या वजनाखाली कधी भुगा होईल, याचा नेम नाही. आणि खाली डोकं माझं! मी लोखंडी स्टँड आणले होते, ते दाखवले. दाजींनी त्यांना पायानं ढोसून बघितलं.

"ह्यां काय? स्टूल?"

मी हात जोडले. "दाजी, मी जिवंत असेपर्यंत चिरा माझ्या गाडीखाली जाणार नाही!"

"नको तर नको. ऱ्हवांदे हय. लागतलो."

लागेल म्हणून चिरा तिथेच टाकून ते पायरीवर बसले, ते जेवणाची वेळ होईपर्यंत. माझ्या बायकोनं त्या चिऱ्यावर कपडे धुवायचा साबण ठेवला.

*

खालचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. तेल मारलं, भिजत ठेवलं, पुन्हा मारलं. अखेर सैल व्हायची चिन्हं दिसली आणि हात मागे नेला, तर पाना जाग्यावर नाही! सुशा घेऊन गेला होता. हा माझा शाळेतला मित्र. त्याची स्वतःची होडी आहे, पण स्वतःचा पाना नाही.

फोन लावला. "सुशा, पानो खंय माझो?"

"दर्यात."

"पडलो?"

"पडतलो कशाक? होडयेत आसा. होडी दर्यात आसा."

"अरे, माझं काम अडलंय!"

"मगे तू ये हय! मी खंय नको म्हणतंय?"

*

दुसऱ्या दिवशी होडी आली, पाना आला आणि मी गाडीखाली, नुसते पाय बाहेर. रस्त्यावर पर्यटकांची मोठी गाडी थांबली.

"काका, पंक्चर काढता का?"

"नाही!"

"मग सुरमई थाळी मिळेल?"

"नाही!"

"मग तुम्ही नक्की करता तरी काय?"

आतून बायकोचा आवाज आला, "आमी पण ताच विचारताव!"

*

सगळ्यांत जोखमीचं काम म्हणजे नवी स्प्रिंग शिकंज्यात दाबून बसवणं. हुक सटकला तर ती सरळ तोंडावर येते. मी सगळ्यांना लांब उभं केलं, चष्मा लावला, दोन्ही बाजूंचे स्क्रू थोडे थोडे आवळायला घेतले.

"थांब!" दाजी ओरडले. "गाऱ्हाणा घालूक नाय!"

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुठलंच मोठं काम होत नाही, हे मला मान्य आहे. पण स्क्रू अर्धे आवळलेले असताना? दाजींच्या हातात नारळ होता. सगळ्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आवशीसाठी गाडी उघडून ठेवल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती ताका परत जोडूक येवंदे..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि जोडून काय नट उरलेच, तर ते नको असलेलेच असांदेत!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज माझ्या आईचा होता.

*

एकही नट उरला नाही. मी एकटाच कट्ट्यापर्यंत जाऊन आलो. खड्डे होते तिथेच होते, पण 'धाड्' गेलं होतं. पोरगं पास झाल्यासारखं वाटलं.

आई इरकली नेसून बाहेर आली. दार उघडलं. तिनं पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. पुन्हा उचलला.

नव्या स्प्रिंगांनी गाडीचं नाक चांगलं वर आलं होतं. आणि आई वाकलेली.

सुशा पुढे झाला. "काकी, उचलून बसवतंय."

"हात लाव बघ! मी काय काथ्याची गोण?"

आईनं पदर सारखा केला आणि घराकडे वळली. तेवढ्यात दाजी उठले, चिऱ्यावरचा साबण खाली ठेवला आणि सुशाच्या मदतीनं चिरा गाडीच्या दाराशी आणून टेकवला. आई चिऱ्यावर चढली आणि आरामात सीटवर बसली.

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मी नाही बघितलं!

गाडी सुरू केली, तर आई म्हणाली, "चिरो घे. थंय माका उतरवतलो कोण?"

म्हणजे मी ज्याला गाडीखाली जाऊ दिलं नाही, तो डिकीत बसून पिंगुळीला निघाला! वाटेत आई चक्क झोपली.

मावशीची खाट पडवीतच होती. तिथून तिला सगळं दिसलं: मी डिकी उघडली, चिरा काढून दाराशी ठेवला, आई त्यावर पाय देऊन खाली उतरली. दोघी एकमेकींचे हात धरून बसल्या.

ऊन उतरलं, 'निघूया' म्हणून मी उठलो, तशी मावशीनं सुनेला हाक मारली.

"गो, तो चिरो आत न्हेवन ठेव."