बाईंचे मोकळे रकाने

सकाळी बाईंचा फोन आला तेव्हा मी तारनाक्याच्या ऑफिसात स्वतःवर खूश होऊन बसले होते. शहरातल्या झाडांची यादी करायचं आमचं काम. फिरती माणसं रस्तोरस्ती जाऊन कागदी तक्त्यांत झाडाचा क्रमांक, जात, खोडाचा घेर भरून आणत, आणि ते सगळं कॉम्प्युटरवर चढवून एकसारखं करणं माझ्याकडे. हाताने करायला महिने गेले असते. मी प्रोग्राम लिहिला आणि ते दुपारभरात व्हायला लागलं. चार लोकांनी कौतुक केलं, तेही मी निमूट पदरात पाडून घेतलं.

"अंबरपेठच्या नाल्याजवळ माझ्या झाडाला लाल पट्टा मारलाय गं," बाई म्हणाल्या. "कायकू?"

बाई गौलीगुड्यातल्या जुन्या मराठी घरातल्या, वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या फिरत्या माणसांत झाडं खरी कळत ती त्यांनाच. लाल पट्टा म्हणजे तोड. कोनोकार्पस नावाचं भराभर वाढणारं परदेशी झाड लोकांच्या श्वासाला बाधतं म्हणून काढायचं ठरलं होतं, आणि कुठली काढायची ते आमच्या यादीवरून ठरत होतं.

मी यादी उघडली. बाईंच्या झाडापुढे कोनोकार्पस लिहिलेलं होतं. शेजारच्या रकान्यात खोडाचा घेर होता, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा. आपल्या रस्त्यांवर लावलेल्या कोनोकार्पसचं खोड एवढं नसतं, हे मलासुद्धा कळत होतं. मी तो रकाना कधी बघितलाच नव्हता. बाईंचा मूळ कागद काढला तर जातीची जागा मोकळी.

"बाई, तुम्ही नाव लिहिलंच नाही."

"फूल बघितल्याबगैर मी नाव लिहीत नाही. पुन्हा जाणार होते ना मी."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाकीची माणसं एकाच जातीची झाडं ओळीने आली की पहिल्यापुढे नाव लिहीत आणि खालचे रकाने तसेच सोडत. म्हणून मी प्रोग्रामला शिकवलं होतं, रकाना मोकळा दिसला की वरचं नाव खाली आण. तक्त्यात बाईंच्या झाडाच्या वर कोनोकार्पसची रांग होती. त्यांना माहीत नव्हतं म्हणून त्या गप्प राहिल्या होत्या आणि त्यांच्या वतीने मशीनने उत्तर देऊन टाकलं. मशीनने कसलं, मीच.

शेजारचा सहकारी म्हणाला, गुपचूप ओळ दुरुस्त कर, हात दाखवून अवलक्षण कशाला? आमची कंत्राटं लवकरच पुन्हा व्हायची होती, त्यामुळे त्याचंही अगदी चूक नव्हतं. पण छापलेली यादी ठेकेदाराकडे पोचली होती. मी ऑटो पकडला. वाटेत तोडीचं काम बघणाऱ्या साहेबांना चारदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. प्रत्येक सिग्नलला मी ऑटोवाल्यावर उगाच डाफरत होते.

पोचले तेव्हा करवतीचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. रांगेतले कोनोकार्पस आडवे झाले होते. बाई आपल्या झाडाच्या खोडाला पाठ लावून उभ्या होत्या, पर्स पोटाशी धरून. त्यांच्यापुढे दोन मजूर अवघडून थांबले होते. साहेब तिथेच होते, यादी हातात.

"लिस्ट तो आपकीच है ना मॅडम," ते म्हणाले. "गलत है तो लिखके दो."

मी ऑटोच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. जात चुकली आहे, चूक माझी आहे. खाली सही केली. साहेबांनी वाचलं आणि विचारलं, "बाकी लिस्ट सही है?"

मला हो म्हणवेना. काम थांबलं. झाड वाचलं, आणि मला तिथे रस्त्यावरच रडू आलं. बाईंनी माझ्या पाठीवर एक धपाटा घातला.

दुपारी ऑफिसात मी बाईंचे सगळे जुने कागद शोधले आणि त्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागांची यादी काढली. मोठी नव्हती. बाई शेजारी बसून, चष्मा लावून एकेक ओळ वाचत गेल्या. हौ, हे उभं आहे. हे पण. मग एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे ऑफिसच्या मागच्या गल्लीतलं ना?"

त्या गल्लीतली लाल पट्ट्याची झाडं परवाच तोडून झाली होती. खिडकीतून आवाज येत होता आणि त्याचा त्रास होतो म्हणून मी खिडकी लावून घेतली होती. हे मी बाईंना सांगितलं. का कोण जाणे, खिडकीचंही सांगितलं.

बाईंनी चष्मा काढून कागदावर ठेवला.

"कशाचं होतं ते, बाई?"

"तेच तर बघायचं होतं ना गं," बाई म्हणाल्या.