पाकळीचं टोक

डिंगोरे गावातल्या आमच्या शेडमध्ये व्हिनियर कापायचा एकच नियम होता आणि तो बायकोनं घातलेला होता: दहा काप झाले की पातं बदलायचं. व्हिनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. वेगवेगळ्या रंगांचे तुकडे कापून, एकमेकांत बसवून आम्ही फुलं-वेलींची चित्रं करतो. पातं जरा बोथट झालं की लाकूड कापलं जात नाही, फाटतं. ओतूरच्या मेडिकलमधून आणलेली ऑपरेशनची पाती दांडीत बसवायचं काम माझं, कारण ती बसवताना तिचं बोट एकदा चांगलंच कापलं होतं. वापरलेली पाती डब्यात जायची.

सुतारकी माझी. तिला मीच हौसेनं शिकवलं आणि दोन वर्षांत तिनं मला मागं टाकलं. रेघेवर चिकटपट्टी लावून, दाब न देता ती तीन-चारदा पातं फिरवायची आणि पाकळी अलगद सुटून यायची. माझ्या कापाला कुसळं राहायची. खरं काम बाईचं, हा नुसता सरस लावतो, असं गावात बोललं जायला लागलं. मी हसून ऐकायचो आणि आतून जळायचो.

ओतूरच्या एका जैन व्यापाऱ्याच्या घरातल्या बाई आल्या. देव्हाऱ्याच्या दारावर कमळ हवं होतं. कापणारा हात त्यांना समोर बघायचा होता. पसंत पडला तर नव्या बंगल्याचं सगळं काम त्याच हाताला. बायको सकाळपासून दोनदा हात धुऊन बसली होती.

मी डब्यातलं जुनं पातं काढलं, पुसलं आणि दांडीत बसवून तिला दिलं. चुकून नाही. ठरवून.

पाकळीच्या टोकाशी काप लाकडाच्या रेषांना आडवा जातो. तिथंच फाटलं. दुसरा तुकडाही फाटला. मीच हसत बोललो की बायामाणसांचा हात, चालायचंच. नवं पातं लावून मी एक पाकळी कापून दाखवली. तोवर मी काढून ठेवलेल्या पात्यावर बायकोनं अंगठा फिरवून पाहिला होता. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाली, "माझाच हात हलला, ताई."

काम मला मिळालं. तिनं पुन्हा पात्याला हात लावला नाही. शेड झाडायची, चहा द्यायची.

यंदा माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. बंगल्याची शेवटची दोन दारं राहिली आहेत आणि बाईंचा रोज फोन येतो. तीन दिवस नुसते पापुद्रे फाडून झाल्यावर मी लाज सोडली आणि तिला म्हणालो, तू काप. ती घरात गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली. आत त्या दिवशीचं तेच बोथट पातं होतं, तेलाचा हात लावून जपलेलं. तिनं ते स्वतः दांडीत बसवलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"ह्यानं एक पाकळी कापून दावा," ती म्हणाली. "नीट निघाली की मी बसते."

काल सकाळपासून मी कापतोय. ती समोर बसून बघते आहे.