‘ऑल्दो’च्या पाठोपाठ आलेला ‘बट’

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. सेवेतले बरेचसे गुन्हे डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. कुठला पंचनामा कुठल्या गावचा, हेही कधी कधी आठवत नाही. पण एका बाईनं माझ्या केबिनमध्ये उभं राहून “परत वाचा” म्हटलं होतं, तो आवाज अजून जसाच्या तसा कानात आहे.

मी तेव्हा माजलगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदार एका माय-लेकाला घेऊन आत आला. बाई पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. मुलगा तिशीचा, नीटनेटका, एका कॉलेजात लिपिक. त्याची धाकटी बहीण दिंद्रुडच्या बाजूच्या एका गावात खासगी शाळेवर इंग्रजी शिकवत होती. आदल्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर ती घरी पोचलीच नव्हती. संध्याकाळी भावाच्या मोबाइलवर तिच्या नंबरवरून मेसेज आला होता आणि त्यानंतर तिचा फोन बंद.

मेसेज इंग्रजीत होता. मी वाचला आणि मनातल्या मनात प्रकरण निकाली काढलं. मुलगी सज्ञान, नोकरी करणारी, स्वतःच्या मर्जीनं गेलेली. अशा नोंदी दर महिन्याला असत. मिसिंग दाखल करायची, बीट अंमलदाराकडे तपास द्यायचा, आठ-पंधरा दिवसांत जोडपं हार घालून ठाण्यात हजर होतं. भावालाही तेच वाटत होतं. मान खाली घालून तो म्हणाला, “साहेब, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. फार गाजावाजा नको.”

बाई मात्र हलेनात. “सायेब, तिनं लिवलंय काय ते मला ऐकवा. ह्यो नुसतं ‘गेली, गेली’ म्हणतोय.”

“इंग्रजीत आहे, बाई.”

“असू द्या. वाचा.”

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी वाचलं. ‘ऑल्दो आय लव्ह यू ऑल, बट आय अ‍ॅम गोइंग विथ माय ओन विश. डू नॉट सर्च मी.’ मग अर्थ सांगायला लागलो, की तुमच्या सगळ्यांवर माझं प्रेम असलं तरी मी माझ्या मर्जीनं जातेय, मला शोधू नका.

बाईंनी हात वर केला. “अर्थ ऱ्हाऊ द्या. परत वाचा.”

मी परत वाचलं.

“हे माझ्या लेकीनं लिवलेलं न्हाई.”

मुलगा चिडला. “माय, तुला इंग्रजीतलं काय कळतंय?”

त्यांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. माझ्याकडं बघून म्हणाल्या, “सायेब, धा वर्सं झाली, माझी लेक घरी पोरींची शिकवणी घेती. म्होरं पोरी बसत्यात, मागं चुलीपाशी मी भाकरी थापती. एकच गोष्ट तिनं हजार डाव सांगितली आसंल. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतो, दोगं जोडीनं येत्यात. इंग्रजीत तसं न्हाई. ‘ऑल्दो’ आला की ‘बट’ला घरात घ्यायचं न्हाई. ‘बट’ घेतला तर ‘ऑल्दो’ला भाईर काढायचं. जिनं चुकवलं तिला धा डाव लिवायला लावायची. तुमी आत्ता दोगं बी वाचले.”

मी मोबाइलवरची ओळ पुन्हा पाहिली. तीस वर्षं वरिष्ठांना इंग्रजीत अहवाल पाठवले आणि प्रत्येक अहवालात ‘ऑल्दो’च्या मागं इमानेइतबारे ‘बट’ जोडत आलो. माझ्या डोळ्यांना त्या वाक्यात काही खटकणं शक्यच नव्हतं. अक्षरओळख नसलेल्या बाईनं ते कानानं पकडलं होतं. मेसेज मुलीनं लिहिला नसेल, तर तिचा फोन दुसऱ्याच्या हातात होता. आणि मग मुलगी कुठं होती?

तरी नुसत्या बाईंच्या शब्दावर जाणं बरोबर नव्हतं. मी स्वतः शाळेत गेलो. मुलांच्या तपासलेल्या वह्या मागवल्या. पानोपानी लाल शाईचे गोल होते, आणि बहुतेक गोल ‘बट’भोवती. तिच्यासोबत शिकवणाऱ्या एका बाईंनी आपला फोन पुढं केला. मुलीचे वर्षभराचे मेसेज त्यात होते. ‘ऑल्दो आय अ‍ॅम टायर्ड, आय विल कम.’ दुसऱ्या एका ठिकाणी, ‘ही इज स्ट्रिक्ट, बट ही इज फेअर.’ कुठंही दोन्ही एकत्र नव्हते. घाईत टाकलेल्या अर्ध्या ओळीतसुद्धा नाही. त्याच बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. शाळा सुटताना मुलीला फोन आला होता आणि “आईला दवाखान्यात नेलंय” म्हणत ती फाट्याकडं धावत गेली होती.

आई तर ठणठणीत होती.

ठाण्यात परतल्याबरोबर मुलीच्या आणि ज्यावर मेसेज आला त्या भावाच्या, अशा दोन्ही मोबाइलची माहिती बीडला सायबर शाखेकडून मागवली. एकीकडं हेही मला कळत होतं, की ती चूक आमच्या भागात दहातले नऊ जण करतात. मेसेज मुलीचा नाही, एवढंच त्यावरून ठरत होतं. तो कुणाचा, हे ठरत नव्हतं. खरं सांगतो, भावावर माझा संशय नव्हता. तो रोज आईला घेऊन येत होता, शिपायांना चहा पाजत होता, बहिणीचा फोटो स्वतः छापून आणला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी माहिती हातात आली. शाळा सुटताना मुलीला आलेला फोन भावाचाच होता. त्यानंतर दोन्ही मोबाइल एकाच रस्त्यानं, एकाच वेळी सरकत गेले होते. मेसेज निघाला तेव्हा दोन्ही सिरसाळ्याच्या टॉवरखाली होते. कागद दोनदा तपासला.

त्याला आत बोलावलं. आई बाहेर बाकड्यावर बसली होती. मी दार लोटून घेतलं.

“बहिणीचा मेसेज आला तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“घरी, साहेब.”

“घर दिंद्रुडकडं. तुमचा मोबाइल सिरसाळ्यात कसा काय होता?”

मी कागद पुढं सरकवला आणि काहीच बोललो नाही. चौकशीत शांतता पुष्कळ काम करते, ओरडण्यापेक्षा जास्त. त्यानं कागद उलटा करून ठेवला.

“मी तिला मारलं न्हाई, साहेब.”

मारण्याचा शब्द आमच्यापैकी कुणी काढलाच नव्हता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या महिला शिपायानं दाराची कडी लावली.

मग सगळं बाहेर आलं. त्याचं लग्न साट्यालोट्याचं होतं. बायको करून घेताना त्यानं सासरच्यांना शब्द दिला होता, की माझी बहीण तुमच्या मुलाला देतो. बहिणीनं साफ नकार दिला, आईनं तिची बाजू घेतली. सासरचे आपली मुलगी, म्हणजे त्याची बायको, परत न्यायला निघाले. तेव्हा त्यानं आणि जिथं बहीण द्यायची होती त्या मेहुण्यानं हा बेत केला. फाट्यावरून तिला जीपमध्ये घातलं आणि सासऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, कोंडलं. तिच्या फोनवरून मेसेजही त्यानंच स्वतःला पाठवला. चौथ्या दिवशी तिथंच लग्न उरकायचं होतं.

“आणि तिनं ऐकलं नसतं तर?”

“मेहुणा म्हणला, मग बघू.”

आम्ही दोन गाड्या घेऊन निघालो. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना ऊस. गुरांच्या गोठ्याला लागून पत्र्याची खोली, बाहेरून कुलूप. कुलूप तोडलं तेव्हा मुलगी कोपऱ्यात कडब्याला टेकून बसली होती. ओठ फुटलेला, आवाज बसलेला. तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नव्हता. महिला शिपायानं पाणी दिलं. दोन घोट घेऊन तिनं मला विचारलं, “आईला काय सांगितलं यांनी?”

मी मेसेज सांगितला आणि आईनं तो कसा ओळखला तेही. ती ओंजळीत तोंड घालून अशी रडली, की मला खोलीबाहेर यावं लागलं.

संध्याकाळी आईची फिर्याद घ्यायची होती. लेखनिकानं विचारलं, “संशयिताचं नाव?” बाईंनी मुलाचं नाव सांगितलं. लेखनिकाचा हात थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. बाई म्हणाल्या, “लिवा. माझाच हाय त्यो.”

पुढं खटला चालला, दोघांना शिक्षा झाली. मुलगी दुसऱ्या गावी शिकवते, आई तिच्याजवळ असते. त्यानंतर मी कुठलीही मिसिंग वाचून निकाली काढली नाही. घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, त्या माणसाला पहिल्यांदा बसवून विचारायचं, हे मी माझ्या हाताखालच्यांनाही सांगत आलो. कागदावरचं आम्ही सगळे वाचतो; माणूस कसा बोलतो, हे त्याच्यासोबत राहिलेल्यालाच ठाऊक असतं. मी त्या दिवशी त्या बाईंना हात जोडून बाहेर पाठवणार होतो. फार थोडक्यात चुकलं ते.

त्या संध्याकाळी फिर्यादीवर अंगठा उमटवून झाल्यावर त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागं वळल्या. लेकीचा हात त्यांच्या हातात घट्ट होता.

“सायेब,” त्यांनी विचारलं, “त्यो जेवलाय का?”