अर्धी लादी बर्फ

हसायचं असेल तर हसा, पण शेवटी मला असं विचारू नका की, "अरे, मग तू सरळ खरं का नाही सांगितलंस?" तोंडाला वाइनचा वास येत असताना माणूस खरं कसं सांगणार, हे आधी तुम्हीच मला सांगा!

तेव्हा आम्ही बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी, बायको आणि माझे वडील, नाना. नानांचा सख्खा भाऊ दारूपायी गेला, म्हणून आमच्या घरात त्या वस्तूचं नावसुद्धा निघत नसे. शिवाय नाना बिल्डिंगखालच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, "आमचा शरद ना? अहो, तो सोडासुद्धा पीत नाही!"

आणि हा सोडासुद्धा न पिणारा शरद ऑफिसात वाइनमधला दर्दी म्हणून मिरवत होता. भांडवल काय, तर रद्दीतल्या एका इंग्रजी मासिकाची दोन पानं. माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल, उकाडा असेल तर बिअर, आणि पांढरी प्यायची ती थंडगारच. एवढ्यावर मी कँटीनमध्ये प्रवचनं झोडायचो. मग एक दिवस आमच्या ऑफिसातल्या पेडणेकरच्या बोटीवरच्या मेहुण्याने खरोखरची पांढरी वाइन आणली. झालं!

"शरद, तूच निवडून सांग कशाबरोबर काय प्यायचं. तुझ्याच घरी बसू यार!"

बायको माहेरी पार्ल्याला गेली होती. अडचण फक्त नानांची. मी थाप मारली, "नाना, सुनंदाचा निरोप आलाय. रविवारी तुम्हाला जेवायला बोलावलंय." सुनंदा माझी धाकटी बहीण, मुलुंडला असते. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण म्हटलं, बाप दारात आला तर ती काय परत पाठवणार आहे? नाना पोरासारखे खूश झाले. रविवारी बिल्डिंग उठायच्या आत दाढीबिढी करून, पिशवी घेऊन निघालेसुद्धा.

आमच्याकडे फ्रिज नव्हता. म्हणून बर्फवाल्याकडून अर्धी लादी मागवली. गोणपाटात गुंडाळलेली ती लादी त्याच्या खांद्यावरून टपटप गळत माझ्यामागून वर येत होती, आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे चेअरमन गोखलेकाका दारात उभे.

"काय रे शरद, एवढा बर्फ?"

"हो काका," म्हणालो आणि मान खाली घालून वर सटकलो.

वर येऊन खिडक्या लावल्या, पडदे ओढले. वाइनचा, बिअरचा वास बाहेर जाऊ नये म्हणून अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. मित्रांना बजावलं होतं, आवाज करू नका, एकेकटे या. ते आले, दाराबाहेर चपला काढून गुपचूप आत बसले. मधोमध लादी, तिच्यावर बाटल्या आडव्या. आता तुमच्या लक्षात येतंय ना, बाहेरून हे कसं दिसत असेल? माझ्या नाही आलं!

वाइनचा रंग एरंडेलासारखा आणि चव त्याहून वाईट. मी पहिला घोट तोंडात घोळवत होतो, कारण मासिकात तसं लिहिलं होतं, आणि बेल वाजली. पेडणेकरने घाईघाईत पलंगावरची पांढरी चादर ओढून बर्फ, बाटल्या, सगळ्यावर टाकली.

मी दार उघडलं. धुराने डोळे लालभडक. घोट कसाबसा गिळला आणि वास येऊ नये म्हणून तोंडावर रुमाल दाबला. गोखलेकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून आत. पांढऱ्या चादरीखाली लांबट काहीतरी, आणि भोवती माना खाली घातलेले तीन पुरुष. आमचे नाना चणीने लहानच होते हो.

"अरे देवा! नाना?" काकांनी मला मिठीच मारली.

मी 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली.

"रड, मोकळेपणी रड. सुनंदाला कळवलंस?"

मी आणखी जोरात मान हलवली.

"बरोबर आहे, तिला एकदम नको सांगायला."

आता तोंड उघडलं तर वास येणार, वास आला तर नानांना कळणार. म्हटलं, काका जाऊ देत, मग निस्तरू. पण काका कसले जातात! पाच मिनिटांत अख्खी बिल्डिंग जिन्यात. कुणी हार आणला, कुणी मडकं. बांबूंसाठी माणूस धावला. गोखलेकाकू पदर डोळ्याला लावून म्हणत होत्या, "शरदच्या तोंडून शब्द फुटत नाहीये. असा मुलगा मिळायला नशीब लागतं!"

आणि त्या गर्दीतून, पिशवी घेऊन, घामाघूम झालेले नाना वर आले.

"काय झालं? कोण गेलं?"

काकूंच्या हातातलं मडकं फुटलं. नाना सरळ दारापर्यंत आले. माझ्याकडे पाहिलं. एक श्वास घेतला. मग चादरीबाहेर आलेला बाटलीचा हिरवा गळा पाहिला. आत जाऊन, वाकून, चादर नीट ओढली.

"माझ्या गुडघ्यांसाठी आणलाय बर्फ," ते म्हणाले.

"अहो, एवढा?" गोखलेकाका.

"दोन गुडघे आहेत. आणि शरदची दाढ दुखतेय, बोलता येत नाही त्याला. जा तुम्ही सगळे."

जन्मात खोटं न बोललेला माणूस! सगळे गेले. मित्रांनी तर चपलासुद्धा जिन्यात घातल्या.

"सुनंदाच्या दाराला कुलूप होतं," नाना एवढंच म्हणाले. "येईल, येईल म्हणून पायरीवर बसलो होतो. काही खायला आहे का रे?"

वेफर्स होते. ते त्यांनी खाल्ले. वाइनबद्दल एक अक्षर नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, खरंच सांगतो.

पुढच्या रविवारी पाहतो तर नाना पिशवी घेऊन दारात. "शरद, मित्र येणार असतील तर आज जाऊ ना मुलुंडला?" टोमणा नव्हता हो, खरंच विचारत होते! मी म्हणालो, "नाही नाना, बसा." त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. आणि खालच्या बाकावर माझं कौतुक बंद. दिवाळीनंतर ते सुनंदाकडे गेले ते तिथेच राहिले, शेवटपर्यंत. तिकडची हवा मानवते, म्हणाले.

आता आमच्याकडे फ्रिज आहे. त्यात पांढरी वाइन असते, बिअरही असते. पेडणेकर आला की खिडक्या सताड उघड्या टाकून बसतो. मुलुंडला पाठवायला घरात कोणी नाही.