खोकल्याचा रकाना

पन्नाशीला दोन वर्षं कमी असताना माझी लोअर परळमधली नोकरी गेली. ऑफिस दुसऱ्या शहरात हललं, मी हललो नाही. पाच महिने घरी बसल्यावर परळच्या एका संशोधन केंद्रात तीन वर्षांच्या करारावर काम मिळालं. पदाचं नाव ‘क्षेत्र समन्वयक’. खरं काम म्हणजे यादी करायची, माणसं गोळा करायची, फॉर्म भरायचे आणि आकडे बरोबर आहेत की नाहीत ते पाहायचं. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र होतं, आणि राहायला मी काळाचौकीच्या चाळीत. या दोन गोष्टींवर मला घेतलं, असं मुलाखतीतच सांगण्यात आलं.

प्रकल्प दोन देशांचा होता. त्या दुसऱ्या देशातही एकेकाळी सूतगिरण्यांचं मोठं शहर होतं, तेही आपल्यासारखंच बंद पडलेलं. कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेल्या माणसांची फुप्फुसं म्हातारपणी कशी होतात, हे दोन्हीकडे एकाच पद्धतीने मोजायचं होतं. आपल्या बाजूचा खर्च आपलं सरकार करणार, त्यांच्या बाजूचा त्यांचं. तीन वर्षांनी दोन्ही सरकारांच्या समित्या आढावा घेणार आणि दोघींनी होकार दिला तर पुढची तीन वर्षं मिळणार. एकीनेही नकार दिला तर दोन्हीकडचं काम बंद.

हा नियम मी पहिल्याच सभेत आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यालयात जुन्या गिरणी कामगारांना समजावून सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारा म्हणाला, “म्हणजे लग्नासारखंच की. एक पार्टी रुसली की दुसरीने जेवण आवरायचं.”

सगळे हसले. मीही हसलो.

त्यांना या कामातून मिळणार काय, हा प्रश्न योग्य होता आणि तो विचारला गेला. ज्यांचे आकडे वाईट येतील त्यांना प्रकल्प चालू असेपर्यंत दर महिन्याला डॉक्टर पाहणार, आणि तोंडात मारायचा पंप फुकट मिळणार. आमच्या समोरच्या खोलीतले काका यादीत पहिल्या दहांत होते. वय शहात्तर. एकवीस वर्षं कार्डिंग खात्यात, म्हणजे जिथे कापूस पिंजला जातो आणि हवेत सगळ्यात जास्त धूळ असते तिथे. त्यांना मी जन्मापासून ओळखतो. पहिल्या पंपानंतर आठ-दहा दिवसांनी ते खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः दूध घेऊन आले. त्याआधी दोन वर्षं ते स्वतःच्या पायांनी जिना उतरले नव्हते; तपासणीलाही आम्ही त्यांना खुर्चीत बसवून खाली नेलं होतं. काकींनी त्या दिवशी मजल्यावर सगळ्यांना पेढा वाटला आणि मला दोन दिले.

म्हणून पुढची तीन वर्षं मिळणं माझ्या नोकरीपुरतं राहिलं नव्हतं.

पहिल्या फेरीत एकशे सव्वीस जण तपासले. आधी फॉर्म, मग मशीनच्या नळीत जोराने फुंकायचं. फॉर्ममधला सातवा प्रश्न असा: सकाळी उठल्यावर खोकला येतो का? अठ्ठ्याण्णव जणांनी ‘नाही’ सांगितलं. काकांनीही नाहीच सांगितलं. मी लिहिलं. प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं की उत्तर देणारा जे सांगेल तेच लिहायचं, आपलं मत मिसळायचं नाही. मी तो नियम अक्षरशः पाळला.

फुंकण्याचे आकडे मात्र वाईट आले. परदेशी डॉक्टरांना यात मोठी गंमत वाटली. त्यांच्या कामगारांची फुप्फुसं इतकी खराब असली तर ते रोज खोकत. आपले खोकतच नव्हते. असं का? व्हिडिओवरच्या बैठकांमध्ये यावर तासन्‌तास बोलणं झालं. हवा, हळद, आहार, अनुवंश, सगळं निघालं. शेवटी एक निबंध लिहायला घेतला गेला. मुंबईच्या गिरणी कामगारांमध्ये लक्षणांशिवाय आजार वाढतो, असा त्याचा मुख्य मुद्दा. आढाव्यात हाच निबंध पुढे करायचा, असंही ठरलं. आमच्या बाजूच्या प्रमुख डॉक्टर मॅडम होत्या, कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी त्याही म्हणाल्या, “हे चाललं तर पुढची तीन वर्षं मिळतील बघा.”

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सहाला मी नळावर पाणी भरत होतो. समोरच्या खोलीत काका खोकत होते. तो खोकला मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या मजल्यावर त्याने कुणाची झोपमोड होत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला. बादली भरली, दुसरी लावली, तीही भरली. खोकला चालूच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सातवा प्रश्न आला.

बादल्या तिथेच ठेवून मी त्यांच्या दारात गेलो. काका पलंगावर बसले होते, डोळे लाल, हातात पंचा. काकी चहा गाळत होत्या.

“काका, तुम्ही मला फॉर्ममध्ये खोकला नाही म्हणून सांगितलंत.”

“मग?”

“आता हे काय चाललंय?”

“हे रोजचंच आहे. याला काय खोकला म्हणतात?”

काकी मध्येच म्हणाल्या, “अरे, ह्यांचो खोकलो काय आजचो? पण डाक्टराक सांगूचा नाय, ता ह्यांच्या रक्तातच आसा.”

मग काकांनी सांगितलं ते असं. गिरणीत कधीमधी डॉक्टर छाती तपासायला येई. जो खोकेल त्याच्या नावापुढे खूण होई, आणि थोड्या दिवसांत त्याला खात्यातून काढून बदलीवर टाकत. बदलीवर म्हणजे रोज फाटकाशी उभं राहायचं, कुणी आलं नसेल तर काम, नाहीतर घरी. त्यामुळे तपासणीच्या दिवशी सगळे दाढेत लवंग धरून जात. लवंगेने घसा दबतो. डॉक्टरने विचारलं की सगळे एका सुरात नाही म्हणत.

“तुझ्याकडे आलो तेव्हापण लवंग होती,” काका म्हणाले. “सगळ्यांच्याच होती. खोटं कशाला बोलू? तू आपला पोरगा, पण मशीन सरकारी ना!”

तपासणी चालली त्या आठवडाभर मंडळाच्या कार्यालयात लवंगेचा वास होता. आमची नर्स म्हणालीही होती, इथे सगळे जेवून विडा खाऊन येतात वाटतं. मी तेव्हा फॉर्मची बेरीज तपासत होतो.

सोमवारी मी मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ पेन उघडबंद करत राहिल्या.

“तुम्हाला खात्री आहे?”

“एका घराची आहे. बाकीच्यांना विचारावं लागेल.”

“विचारलंत तर निबंध जाईल.”

“हो.”

“आणि आढावा चार महिन्यांवर आहे.”

“हो.”

“लिहून द्या मला,” त्या म्हणाल्या. त्यांनी मला थांबवलं नाही, हे नोंदवून ठेवतो. थांबवलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

तोवर सहा जण वारले होते आणि तिघे कायमचे गावी गेले होते. उरले एकशे सतरा. त्यांतले एक्याण्णव जण पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालेले. मी सात आठवडे त्यांच्या घरी जात राहिलो. संध्याकाळी, सकाळी, रविवारी. या वेळी मशीन नेलं नाही, पांढरा कोट घातलेलं कुणी बरोबर नेलं नाही. फक्त बसायचो, चहा घ्यायचो आणि विचारायचो.

सोपं गेलं नाही. लालबागच्या एका आजोबांनी मला दारातच धरलं. “म्हणजे मी खोटारडा? तुझ्या बापाबरोबर एका खात्यात जेवलोय मी!” दुसरे एक जण बायकोकडे बघत म्हणाले, “लिही, येतो खोकला. चाळीस वर्षं ही ऐकतेय, आता सरकारलापण ऐकू दे.” एका बाईंनी, त्या स्वतः सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या, आधी विचारलं, “पेन्शन बंद नाही ना होणार?” त्यांना पेन्शन मिळतच नव्हती. मिळेल या आशेवर त्या होत्या. मी म्हटलं, याचा पेन्शनशी काही संबंध नाही. मग म्हणाल्या, “येतो. खूप येतो.” आणि त्यांना रडू आलं. ते खोकल्यासाठी नसावं.

एक्याण्णवपैकी चौऱ्याहत्तर जणांनी उत्तर बदललं. सतरा ठाम राहिले. त्या सतरांतल्या दोघांच्या घरी मी बसलेलो असतानाच ते खोकत होते. त्यांच्या फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं, कारण नियम तोच होता.

निबंध मागे घेतला गेला. मॅडमनी दोन्ही समित्यांना सगळं जसं घडलं तसं कळवलं. माझी टीप जोडली, लवंगेसकट. मला वाटत होतं की हे वाचून तिकडच्या लोकांना बरंच वाटेल. माणसं डॉक्टरला का फसवतात, हे कळणंही शास्त्रच आहे, असं मी घरी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, “तुम्ही आशा नका लावू. आशा लावली की तुम्हाला जेवण जात नाही.”

आपल्या समितीने होकार दिला. तो आधी आला. मॅडमनी मला बोलावून पत्र दाखवलं आणि मी ते दोनदा वाचलं. अडीच आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. पहिल्या फेरीतल्या माहितीची विश्वासार्हता संशयास्पद ठरल्याने सहभाग पुढे चालू ठेवणं शक्य नाही, शुभेच्छा. मॅडम म्हणाल्या की त्यांच्याकडे पैसेही आटले आहेत, त्यांना निमित्त हवं असेल. असेलही. कळायला मार्ग नाही. निमित्त कुणी पुरवलं, ते मात्र मला माहीत आहे.

आपला होकार फायलीत राहिला.

संमतिपत्रात एक कलम होतं की प्रकल्प बंद झाल्यास प्रत्येकाला समक्ष कळवून सही घ्यावी. ते कुणी तपासणार नव्हतं. तरी मी एकशे सतरा पत्रं छापली आणि निघालो. बहुतेकांनी वाचलंही नाही. “कुठे करायची सही?” एवढंच. एकाने विचारलं, “आम्ही नापास झालो काय?” मी म्हटलं, नाही, तुम्ही नाही. माझा विषय निघण्याआधी मी जिना उतरलो.

काकांचं पत्र मी सगळ्यात शेवटी नेलं. दार समोरासमोर असूनही अकरा दिवस लागले. पंप त्यांच्या मांडीवर होता. त्याच्या मागे छोट्या खिडकीत उरलेल्या दाबांचा आकडा दिसतो, तो एकेचाळीस होता. दिवसाला चार दाब घ्यायचे. आठवड्यापूर्वी काकी आकडा वाचून घ्यायला पंप आमच्याकडे घेऊन आल्या, तेव्हा तो त्रेचाळीस होता.

“काका, तुम्ही घेत नाही आहात.”

“पुरवून घेतोय. तुझी बातमी काय लपून राहते? सगळ्या गल्लीला सांगून झालं, मग माझ्याकडे आलास.”

“असा पुरवून त्याचा उपयोग नसतो. रोज घ्यावा लागतो.”

“संपल्यावर?”

मी म्हटलं, हॉस्पिटलच्या ओपीडीत जाऊ, मी येतो बरोबर. काकींनी देवाच्या फोटोकडे पाहिलं. मागच्या वेळी ओपीडीतून ‘औषध बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली होती, ती अजून त्या फोटोमागे होती.

काकांनी पत्र हातात घेतलं, लांब धरलं, पण वाचलं नाही.

“मला एक सांग. मी आपला नाहीच म्हणत राहिलो असतो, तर हे चालू राहिलं असतं?”

मला खोटं बोलता आलं असतं. पैशांची अडचण होती, तिकडचं सरकार बदललं, काहीही. त्यांनी विश्वास ठेवला असता.

“बहुतेक राहिलं असतं,” मी म्हणालो.

“मग दुसऱ्यांदा विचारायला कशाला आलास रे?”

“आकडा चुकीचा होता, काका.”

“आता बरोबर झाला?”

“झाला.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला काही तरी करता आलं असतं. मग त्यांनी पेन मागितलं, पत्र मांडीवर पंपाच्या शेजारी ठेवलं आणि सही केली. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. एवढ्यानेच त्यांना दम लागला. पत्र माझ्या हातात देऊन ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काकी म्हणाल्या, “चाय टाकतंय,” पण त्या उठल्या नाहीत, आणि मीही थांबलो नाही.