डॉक्टरीणबाई आणि न जुळणारी बेरीज

कॉम्प्युटरवर कोणाची बेरीज चुकली की डॉक्टरीणबाईंना हसू यायचं. साधंसुधं नव्हे, पदर तोंडात कोंबावा लागेल असं. समोरचा माणूस घामाघूम झालेला आणि या आपल्या खुर्चीत डुलताहेत! डॉक्टर कसल्या? यजमान जवाहरनगरच्या कारखान्यात, माहेर लाखांदूरकडच्या धानवाल्या शेतकऱ्याचं. नागपूरला जाऊन तेवढं स्प्रेडशीट शिकून आल्या होत्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तुमसरच्या दोन-चार राइस मिलींत नवेकोरे कॉम्प्युटर आले होते आणि त्यातले फॉर्म्युले आजारी पडले की बाईंना बोलावणं जायचं. मग नाव पडायला काय वेळ लागतो!

पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. एकेका चौकटीवर जायचं आणि तिच्या पोटात खरं काय लिहिलंय ते बघायचं. "वरून गोरंगोमटं आहे जी, पोटात काय आहे ते पाहू द्या!" एका अडत्याच्या टायपिस्टानं टाइपरायटरच्या सवयीनं शून्याच्या जागी इंग्रजी ओ मारला होता. कॉम्प्युटर त्याला आकडा मानेना. बाई म्हणाल्या, "तुमी गोल काढला, त्याले जिलेबी वाटली." तो बिचारा पुढे बाजारात जिलेबीबाबूच झाला.

दुसऱ्या एकाचे आकडे बदलले तरी बेरीज जागची हलेना. तो मशीनच विकायला निघाला होता. बाईंनी एक कळ दाबली आणि बेरीज सुतासारखी सरळ आली. "आपोआप जोडनं तुमीच बंद करून ठेवलं, अन् वरून त्याले शिव्या देऊन राहिले!" फी म्हणून त्यांनी चहा मागवला, तोही दोनदा.

मी तेव्हा एका मिलच्या ऑफिसात कारकून होतो. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे नको तेच झालं. गोदामात तांदळाची जितकी पोती शिल्लक असल्याचं शीट सांगे, त्याहून प्रत्यक्षात कमी भरत. गोदामाची किल्ली राखणदार डोमाजीकडे असायची. शेटजींनी त्याला भर आवारात, हमालांसमोर चोर म्हटलं आणि किल्ली काढून घेतली. संध्याकाळपर्यंत पोत्यांचा पत्ता लागला नाही तर पोलिसात देतो म्हणाले. डोमाजी भिंतीला टेकून बसून राहिला. त्याच्याकडे बघून मी उघडलेला डबा तसाच झाकून ठेवला.

बाई आल्या, बाहेर गेलेल्या मालाचं शीट उघडलं आणि लागल्या हसायला.

"बाई, इथे माल गायब आहे अन् तुमी हासून राहिल्या?" शेटजी भडकले.

"आकडे उजवीकडे बसतात जी, शब्द डावीकडे. मंग हे डावीकडे कोन पाहुने येऊन बसले?"

आम्ही वाकून बघितलं. मिलवर किरकोळ गिऱ्हाइकं यायची, कोणी चार पोती नेई, कोणी एकच. जिथे एकच पोतं गेलं, तिथे शीट भरणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी इंग्रजी अक्षरांत 'लाभ' असं लिहिलं होतं. धान्य मोजताना पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मुनीमजींनी जन्मभर तेच केलं, ते कॉम्प्युटरवर तरी कशाला सोडतील? कॉम्प्युटरनं मात्र त्या शब्दाचं शून्य धरलं. पोतं गिऱ्हाइकाच्या घरी शिजूनसुद्धा गेलं आणि शीटमध्ये अजून गोदामातच! आम्हा सगळ्यांना ते रोज दिसत होतं, पण आपल्याच घरचा शब्द, खटकणार कोणाला?

"मी एक लिहिणार नाही. बरकत जाते," मुनीमजी अडून बसले.

बाईंनी वाद घातला नाही. शेजारी एक रकाना वाढवला. "लाभ तुमच्या रकान्यात, एक मशिनीच्या रकान्यात. दोघंबी खुश!" नव्या रकान्याची बेरीज घेतली आणि शिल्लक गोदामाशी जुळली.

शेटजींच्या जिवात जीव आला. त्यांनी चहा सांगितला. बाई उठून उभ्या राहिल्या.

"च्या मंग पिऊ. आदी डोमाभाऊसंग बोला. जेथं चोर म्हनलं, तेथंच."

शेटजी आवारात गेले आणि डोमाजीसमोर किल्ली धरून काहीतरी पुटपुटले. बाई तोवर पार फाटकापाशी जाऊन उभ्या होत्या. तिथून ओरडल्या, "आयकू नाही आलं जी!" शेटजी जरा मोठ्यानं बोलले. "अजून नाही!" हमालांनी पाठीवरची पोती खाली ठेवली. कोणीतरी फिसकन हसलं. शेवटी शेटजींनी लालबुंद होऊन आरोळी ठोकली, "डोमाजी चोर नाही! माझी चूक झाली!" रस्त्यावरचे सायकलवाले पाय टेकून बघू लागले. डोमाजीनं दोन्ही हातांनी किल्ली घेतली आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू त्याला आवरेना.

पुढे यजमानांची बदली झाली आणि बाई गेल्या. आता तुमसरात गल्लोगल्ली हुशार पोरं आहेत, बिघडलेला फॉर्म्युला चुटकीसरशी दुरुस्त करून देतात. पण तेवढं झालं की ती पैसे घेऊन निघून जातात. मला बाईंची फार आठवण येते. बेरीज जुळल्यावर फाटकापर्यंत चालत जाणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.